कुत्रीची नसबंदी: गावात राहून कशी आणि कधी करून घ्यावी

बैल खच्ची करायचा म्हटलं तर आमच्या गावात कोणी दोनदा विचार करत नाही. दवाखान्यातला माणूस चिमटा घेऊन येतो, घडीभरात काम होतं, वर चहा होतो. पण कुत्रीची नसबंदी करायची म्हटलं की अख्खी आळी गोळा होते. "काहून बापा, तिच्या जिवावर काहून उठला? एक वेत तं होऊ दे!" हे मला शेजारच्या काकूंनी ऐकवलं, मग त्यांच्या यजमानांनी, आणि शेवटी गावात पाहुणे आलेल्या एका गृहस्थांनीही, ज्यांना ती कुत्री कोणाची हेही माहीत नव्हतं.

आजवर घरच्या तीन कुत्र्या आणि एका कुत्र्याची नसबंदी करून घेतली. पहिल्या खेपेला बऱ्याच चुका केल्या. त्यातून एक कळलं. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात आणि ती तासाभरात संपते. त्याआधीचा महिना आणि नंतरचे बारा दिवस मात्र आपले असतात, आणि खेड्यात घोटाळा होतो तो तिथेच. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय.

आधी काकूंचं उत्तर

एक वेत झाल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी नसबंदी झाली तर पुढे स्तनांच्या गाठी होण्याची शक्यता सगळ्यात कमी राहते. दर माजागणिक हा फायदा घटत जातो. दुसरा धोका गर्भाशयात पू होण्याचा. माज उलटून गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी कुत्री ढसाढसा पाणी पिऊ लागते, जेवत नाही, उलट्या करते, कधी मागून घाण वासाचा स्राव येतो, कधी तोही येत नाही. गावात याला 'काहीतरी खाल्लं असंल' म्हणतात आणि चार दिवसांत कुत्री जाते. गर्भाशयच नसेल तर हा आजार होत नाही. तिसरा त्रास भटक्या कुत्र्यांशी संगातून लागणाऱ्या जननेंद्रियाच्या गाठींचा. फुलकोबीसारखं मांस वाढतं, रक्त ठिबकतं, आणि आठवड्याला एक अशी इंजेक्शनं कित्येक आठवडे द्यावी लागतात.

'माज येऊ नये' म्हणून मिळणारं हार्मोनचं इंजेक्शन स्वस्त वाटतं, पण त्यानं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. त्या वाटेला जाऊ नका.

राखणीचं काय? कुत्रं भुंकतं ते आपल्या वावराच्या आणि माणसांच्या ओढीनं. आमची चिंगी नसबंदीनंतरही जागलीवर रानडुकरांच्या मागे तशीच धावत होती. फरक एवढाच की भादव्यात तिच्यामागे पंधरा कुत्रे लागणं बंद झालं. जंगलाच्या कडेच्या गावांत हे फार मोलाचं आहे. माजावरची कुत्री आणि तिच्यामागचे नर रात्रभर शिवारात हुंदडतात, तिथेच ते बिबट्याच्या तोंडी सापडतात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याशी भांडणही तिथेच होतं.

तोटेही सांगतो. वजन वाढतं. मोठ्या जातीच्या काही कुत्र्यांना उतारवयात झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे. आणि भूल म्हटली की थोडा धोका आलाच.

नसबंदी म्हणजे नेमकं काय

कुत्रीचं पोट उघडून दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. नराचे दोन्ही वृषण काढतात. दोन्ही कामं पूर्ण भुलीखालीच होतात. बैलाचा बर्डिझो चिमटा बाहेरून नस चेंगरतो, तो प्रकार कुत्र्यासाठी नाही. 'मी ब्लेडनं काढून देतो, दोरा बांधून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला हात जोडा. जनावरावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. कायदा सोडा, भुलीशिवाय हे करणं म्हणजे निव्वळ छळ.

पंचांग बघून तारीख ठरवा

शहरातले लेख 'सहा महिन्यांची झाली की करा' एवढंच सांगतात. आपल्याकडे ऊन, पाऊस आणि कापूस, तिघांनाही विचारावं लागतं.

कुत्री साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात पहिल्यांदा माजावर येते, पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी. माज तीनेक आठवडे चालतो. सुरुवातीला लाल स्राव असतो आणि ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिका होतो आणि मग ती उभी राहते. लोक नेमकं इथेच फसतात. 'रक्त थांबलं, आता काळजी नाही' म्हणून मोकळी सोडतात आणि 63 दिवसांच्या आसपास कोठ्यात सहा पिल्लं असतात.

माजात गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे रक्तस्रावाची भीती जास्त. म्हणून माज संपल्यावर दोन ते तीन महिने थांबायचं. गावठी कुत्र्यांचा मोठा मोसम भादव्याचा. भादव्यात माज आला तर दोन-तीन महिने मोजा, कार्तिक-मार्गशीर्ष येतो. थंडी पडलेली, चिखल वाळलेला, माश्या कमी. विदर्भात याहून चांगला काळ नाही. अडचण एकच, तेव्हा कापूस वेचणी जोरात असते आणि घरी कोणी नसतं. तेव्हा पहिला वेचा झाल्यावर, नाहीतर दोन वेच्यांच्या मधला आठवडा धरा.

मादी पिल्लू कार्तिकात जन्मलेलं असेल तर हिशेब बदलतो. त्याला सहा महिने होतात ऐन वैशाखात, जेव्हा अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे असतो. भुलीतून उठणाऱ्या जनावराला अंगाचं तापमान नीट सांभाळता येत नाही. पत्र्याच्या सपरीत त्याला ठेवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आणि भादव्यात ती नऊ-दहा महिन्यांची होऊन माजावर येऊ शकते. म्हणजे मधली संधी दोनच: होळीच्या आधी, डॉक्टर तयार असतील तर, किंवा आषाढात, घरात कोरडी जागा असेल तर. मी आषाढ निवडला होता. बाजेखाली पोती टाकून बारा दिवस काढले.

लॅब, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या अंगाच्या जाती असतील तर घाई नको. हाडं-सांधे पक्के व्हायला वेळ लागतो, वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबायला डॉक्टर सांगू शकतात. तोवर माजात बांधून ठेवण्याची जबाबदारी तुमची. कुत्री पाजत असेल तर पिल्लं तोडून दूध आटू द्या. पिल्लं नसतानाही काहींना माजानंतर दूध येतं, कापडाचा बोळा कुशीत घेऊन बसतात. तेव्हाही थांबायचं.

डॉक्टर कोणते

'ढोरांच्या दवाखान्या'च्या पाटीवर श्रेणी-1 की श्रेणी-2 हे लिहिलेलं असतं. श्रेणी-1 ला पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी-2 ला पशुधन पर्यवेक्षक, अशी ही वाटणी आहे. पर्यवेक्षक लस आणि उपचार करतील, कुत्रीचं पोट उघडणं त्यांचं काम नाही. आणि पदवीधर डॉक्टर असले तरी त्यांचा दिवस गायीच्या रेतनात, अडलेल्या म्हशीत जातो. प्रत्येकाचा हात कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेवर बसलेला असेलच असं नाही, त्यात त्यांचा दोषही नाही. सरळ विचारा: "साहेब, कुत्र्यांच्या नसबंद्या तुम्ही करता का? नाहीतर कुठं पाठवता?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

तालुक्याला जमत नसेल तर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नाहीतर खासगी दवाखाना. त्यापलीकडे नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1958 पासूनचं, आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. तिथे विद्यार्थी असतात म्हणून काही लोक कचरतात. मला उलट वाटतं, जिथे प्राध्यापक शेजारी उभे असतात आणि रक्त तपासायची सोय जवळ असते तिथे बिनघोर जावं.

तारीख घेताना पाच गोष्टी विचारा. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासणार का. सलाईन लावणार का. भुलीत श्वासाकडे कोण बघणार. घरी न्यायला वेदनाशामक देणार का. रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा. खर्चाचंही त्याच वेळी बोलून घ्या. सरकारी दवाखान्यात फी थोडी असली तरी धागा, सलाईन, औषधं बाहेरून आणावी लागू शकतात, ती यादी आदल्या दिवशीच मिळाली तर बरं. चीर पोटाच्या मधोमध घेणार की कुशीला, हेही विचारा. गावात कुशीची चीर मला सोयीची वाटते. बसताना जमिनीला लागत नाही आणि लांबूनच टाके दिसतात.

गोचीड: खरा शत्रू

सगळा लेख विसरलात तरी हा भाग लक्षात ठेवा.

गोचिडांतून कुत्र्यांना ताप येतो, गावात म्हणतात 'गोचीडताप'. त्यात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण. कुत्री बाहेरून ठणठणीत दिसते, भाकर खाते, पण आतून रक्त गोठायची ताकद गेलेली असते. अशी कुत्री टेबलावर गेली की साधी चीरसुद्धा वाहत राहते. आमच्या दुसऱ्या कुत्रीच्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासलं म्हणून वाचलो. प्लेटलेट इतक्या खाली होत्या की त्यांनी चाकू ठेवून दिला. डॉक्सिसायक्लीनचा 28 दिवसांचा कोर्स झाला, पुन्हा तपासणी झाली, मग नसबंदी. तपासणीचे पैसे वाचवायचा विचार मनात आला तर ही गोष्ट आठवा.

म्हणून महिनाभर आधीपासून कामाला लागा. कुत्र्याची गोचीड अंगावर थोडीच राहते, पोट भरलं की उतरते आणि कोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, बाजेच्या सांध्यांत अंडी घालते. नुसतं अंग साफ करून भागत नाही. भेगा मातीनं बुजवा, झोपायची पोती उन्हात टाका किंवा जाळा. अंगासाठी गोळी की थेंब, हे डॉक्टरांना विचारून आणि वजनावर. वजन माहीत नसेल तर कापसाच्या काट्यावर कुत्रीला घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. भुलीच्या मात्रेलाही हेच वजन लागतं.

आणि फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही नाही. पंपात उरलेलं पाणी गोचिडांवर मारणारे लोक मी बघितलेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. माणसाला जे मारतं ते अंग चाटणाऱ्या कुत्र्याला सोडणार नाही.

जंताची गोळी आणि रेबीजसह लसी दोन-तीन आठवडे आधी झालेल्या असू द्या. दवाखान्यात दहा गावची जनावरं येतात.

आदली रात्र आणि तो दिवस

मोठ्या कुत्र्याला रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर जीव जातो, उपाशी ठेवायचं ते एवढ्यासाठी. अडचण अशी की गावात उपास पाळणं कठीण. कुत्री उकिरड्यावर जाते, पोट्टे बिस्कीट टाकतात, सकाळी आजी ताटातली भाकर देते. म्हणून रात्रीच साखळीला बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा. पाणी डॉक्टर सांगतील त्या वेळेपर्यंत. लहान पिल्लांचा उपास फार कमी तासांचा असतो, त्यांना रात्रभर उपाशी ठेवू नका. चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते.

सकाळचाच नंबर घ्या. दुपारनंतर केली तर ती अंधारात शुद्धीवर येते आणि काही बिघडलं तर डॉक्टर घरी गेलेले असतात.

न्यायचं कसं? दुचाकीवर कट्ट्यात घालून, तोंड बाहेर काढून नेतात, ते जातानाही वाईट आणि येताना तर जीवघेणं. भूल पूर्ण उतरलेली नसते, मान दुमडली की श्वास अडतो. येताना ऑटो करा किंवा कोणाची गाडी मागा. सपाट पोत्यावर कुशीवर झोपवा, मान सरळ, जीभ बाहेर, तोंडाकडे एक माणूस. डॉक्टर म्हणाले नेऊ शकता तरी ती स्वतः मान उचलून बघेपर्यंत मी दवाखान्याच्या ओट्यावरच बसतो. एस. टी. चुकली तर चुकली.

बारा दिवस

पहिल्या रात्री ती कुंथते, लडखडते, ओळखीच्या माणसावरही गुरगुरते. लेकरांना लांब ठेवा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी दोन घोट पाणी, ते टिकलं तर मूठभर मऊ भात, कांदा-लसूण नसलेला. हाड नको. थंडीत फरशीवर ठेवू नका, गोधडी टाका. कुटारातही नको, काडी टोचते आणि धूळ जखमेत जाते.

माझी पहिली चूक पाचव्या दिवशीची. चिंगी बरी दिसत होती, शेपूट हलवत होती. मी बंडी जुंपून वेचणीला निघालो आणि साखळी काढून ठेवली. ती दोन किलोमीटर बंडीमागे पळत आली. संध्याकाळी बघतो तर खालचे दोन टाके तुटलेले, आणि दुसऱ्या दिवशी जखमेत माशीची घाण. किडे पडायच्या आत धुऊन घेतलं म्हणून निभावलं. कुत्री बरी दिसायला लागते तेव्हाच ती जास्त जपायची असते, हे मला तिनं शिकवलं.

दहा-बारा दिवस साखळी, घरातच. शौचाला दोरीनं न्यायचं, उडी नाही, आंघोळ नाही. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची गळपट्टी मिळते. नसेल तर रंगाच्या छोट्या बकेटचं बूड कापून, कडांना कापड गुंडाळून गळ्यात अडकवा. मुलाचं जुनं टी-शर्ट घालून पाठीवर गाठ मारली तरी चालतं, ओलं झालं की बदलायचं. जखमेवर हळद, राख, रॉकेल, फिनाईल काही नको. माशी बसू नये म्हणून डॉक्टर देतील तो फवारा आणि तेवढंच.

गोळ्या त्यांनी दिलेल्याच. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मारू शकते.

रोज सकाळी टाके बघा. थोडी सूज, जराशी लाली चालते. पण हिरड्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून थेंब थांबत नाहीत, पू किंवा वास आला, पोट फुगलं, एका दिवसानंतरही पाणी-अन्न घेत नाही, उलट्या होतात, ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट बघू नका. कुत्र्याचा नेहमीचा ताप 101 ते 102.5 असतो, म्हणून हाताला गरम लागली एवढ्यावर घाबरू नका, थर्मामीटर वापरा. टाक्यांतून आतडं बाहेर दिसलं तर स्वच्छ ओल्या कापडानं झाका, आत ढकलू नका, तसेच निघा. 1962 या नंबरवर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन लागतो, पण ते कोणत्या कामाला येतात हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

नर आणि मांजर

नराची जखम छोटी, तो लवकर उठतो. सहा महिन्यांनंतरही एकच वृषण खाली उतरलेलं असेल तर दुसरं पोटात असतं आणि पुढे त्यात गाठ होऊ शकते, तेही काढायला सांगा. नसबंदीनंतर साधारण महिना-दीड महिना त्याच्यात उरलेलं बीज असतं. तोवर माजावरच्या कुत्रीपासून लांब. स्वभावातला सगळा आगाऊपणा जाईल अशी आशा धरू नका, भटकणं आणि मूत मारत फिरणं बरंचसं कमी होतं.

मांजर चार महिन्यांची झाल्यावरही माजावर येऊ शकते आणि पिल्लं पाजत असतानाच पुन्हा गाभण राहते. तिची नसबंदी पाचव्या महिन्याच्या आत उरकलेली बरी. न्यायला झाकणाची टोपली, वर कापड घट्ट बांधून. मोकळी मांजर कडेवर घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस मी एकदाच पाहिलाय, त्याच्या हाताला टाके पडले होते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. पशू जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीची. ग्रामसभेत विषय मांडा. दारात आलेलं एखादं कुत्रं पाळायला घेतलं तर त्याचा कान बघा. टोकाला मुद्दाम कापलेली खाच असेल तर त्याची नसबंदी आधीच झालेली असते, उगाच पोट उघडायला नेऊ नका.

टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात, आत विरघळणारे असतील तरी दाखवायला जा. त्याच दिवसापासून जेवणातली चतकोर कमी करा, साधारण पाव हिस्सा, कारण आता तिला तेवढी भूक लागेल पण गरज नसेल. चिंगीच्या वेळी मी हे केलं नाही. पुढच्या भादव्यात शेजारच्या काकू तिच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "पाय, म्या सांगतलं होतं का नाई, डॉक्टरनं काई केलंच नाई. गाभण हाय थे!" तिला काट्यावर उभी केली तेव्हा कळलं, चार किलो वाढली होती.